कोपर वाचवायचे, तर व्यायाम कशाचा करावा?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा असून नववीत शिकतो. गेल्या वर्षीपासून तो शाळेत भालाफेकीचा सराव करतो आणि सुटीच्या दिवशी गावातल्या संघाकडून क्रिकेट खेळतो. गेले दोन महिने सरावानंतर त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखते. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलतानाही तो हात चोळत असतो. त्याचे सर म्हणतात, हात कच्चा आहे, डंबेल मारले की कोपर पक्के होईल. म्हणून रोज सरावाच्या आधी तो मनगटाचे डंबेल मारतो. शाळेत एकच भाला आहे, तो मोठ्या मुलांचा. मेडिकलच्या दुकानातून कोपराला बांधायचा पट्टाही आणला आहे. जिल्हास्तरीय स्पर्धा दीड महिन्यावर आली आहे. कोपर मजबूत होण्यासाठी नेमके कोणते व्यायाम करावेत, आणि पट्टा बांधून त्याला खेळू द्यावे का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, आपण व्यायाम विचारले आहेत आणि ते मी सविस्तर सांगणार आहे. परंतु ते आज, दुखत्या कोपरावर, सुरू करायचे नाहीत. फेकीचा खेळ खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे दोन महिने टिकून असेल, तर ते हात कच्चा असल्याचे लक्षण मानता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपले की हाडाचा एक उंचवटा लागतो. मुलग्यांमध्ये साधारण पंधरा ते सतरा वर्षांपर्यंत हा उंचवटा दंडाच्या हाडाशी पूर्णपणे जुळलेला नसतो. दोहोंच्या मध्ये वाढीचा, कूर्चेचा म्हणजे कार्टिलेजचा थर असतो. मनगट वाकवणारे आणि तळहात जमिनीकडे फिरवणारे स्नायू याच उंचवट्यापासून निघतात आणि कोपराला आतून आधार देणारा अस्थिबंधही, ज्याला आपण सर्रास लिगामेंट म्हणतो, तिथेच बांधलेला असतो. मोठ्या खेळाडूच्या कोपरावर अति ताण आला की बहुधा हा अस्थिबंध दुखावतो. वाढत्या मुलात मात्र अस्थिबंधापेक्षा कूर्चेचा थर कमजोर असल्यामुळे आधी तोच सुजतो आणि रुंदावतो, आणि फेक तशीच चालू ठेवली तर एखाद्या जोरदार फेकीच्या वेळी तो उंचवटा जागेवरून सुटूही शकतो.

म्हणून पहिले काम हे की अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासेपर्यंत भाला, चेंडू, दगड, काहीही जोराने फेकणे पूर्णपणे थांबवावे. एक्स-रे काढताना दोन्ही कोपरांचा काढावा, अशी विनंती डॉक्टरांना आवर्जून करावी, कारण वाढीच्या थराची रुंदी प्रत्येक मुलात वेगळी असते आणि उजव्या कोपराची खरी तुलना त्याच्याच डाव्या कोपराशी होऊ शकते. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, मध्येच अडकत असेल, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील किंवा दुखणे कोपराच्या बाहेरच्या बाजूलाही असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. वाढत्या मुलाच्या कोपराचे बाहेरच्या बाजूचे दुखणे तर अजिबात अंगावर काढू नये. तिथे दोन हाडे एकमेकांवर दाबली जातात आणि कूर्चेचा तुकडा सैल होण्याचा धोका असतो. वेदनाशामक गोळी देऊन सरावाला पाठवणे हा मात्र सगळ्यांत वाईट पर्याय आहे, कारण त्यामुळे थांबण्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट बंद होते.

आता व्यायामांकडे वळण्यापूर्वी फेकीच्या क्षणी कोपराचे काय होते ते पाहिले पाहिजे, म्हणजे पुढचा क्रम आपल्या लक्षात येईल. भाला सुटण्याच्या किंचित आधी छाती पुढे गेलेली असते, दंड तिच्यामागून येत असतो आणि हात भाल्यासह अजून मागेच असतो. त्या अत्यल्प काळात कोपराची आतली बाजू उघडू पाहते, बाहेरची बाजू दाबली जाते आणि हात सरळ होताना कोपराचे मागचे टोक दंडाच्या हाडाच्या खाचेत आदळते. हा ताण कोपर स्वतः निर्माण करत नाही. फेकीची ताकद पायांतून उठते, कंबरेतून आणि पाठीतून वर येते, खांद्यातून पुढे जाते आणि सर्वांत शेवटी कोपर-मनगटापर्यंत पोहोचते. वाटेत जो सांधा आखडलेला असेल किंवा जो स्नायू आपला वाटा उचलत नसेल, त्याची उणीव शेवटी हात भरून काढतो आणि त्याची किंमत कोपर मोजते. म्हणूनच कोपर वाचवण्याच्या व्यायामांपैकी निम्म्याहून अधिक व्यायाम कोपराला स्पर्शही करत नाहीत. आपल्या मुलाच्या सरावात नेमका हाच भाग दिसत नाही.

याला चांगला आधार आहे. जपानमध्ये शाळकरी मुलांचे बेसबॉल फार मोठ्या प्रमाणावर खेळले जाते आणि कोपराच्या दुखापतीही तितक्याच दिसतात. तिथल्या योकोहामा शहराच्या नावाने ओळखला जाणारा व्यायामांचा एक कार्यक्रम आठ ते अकरा वर्षांच्या मुलांकडून करून घेण्यात आला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्या मुलांमध्ये कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखापती इतरांच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आल्या. त्या व्यायामांचा भर डंबेलवर नव्हता. स्नायू ताणणे, पाठ आणि खुबा मोकळा करणे आणि एका पायावर तोल सांभाळणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. बेसबॉल आणि भालाफेक हे खेळ वेगळे असले आणि ती मुले वयाने लहान असली, तरी कोपरावर ताण येण्याची रीत सारखीच असल्यामुळे तो विचार आपल्याला उपयोगी पडतो.

सुरुवात खुब्यापासून करावी. उजव्या हाताने फेकणाऱ्या खेळाडूचा डावा पाय शेवटच्या पावलाला जमिनीत घट्ट रोवला जातो आणि सारे शरीर त्या खुब्याभोवती फिरते. मुलाला स्टुलावर बसवून गुडघे काटकोनात ठेवून, मांडी न हलवता, आधी एक आणि मग दुसरे पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. ज्या पायाचे पाऊल कमी जाते, त्या बाजूचा खुबा आखडलेला आहे. तो मोकळा करण्यासाठी जमिनीवर बसून एक पाय पुढे आणि एक पाय बाजूला, असे दोन्ही गुडघे काटकोनात दुमडून ठेवावेत, धड सरळ ठेवून पुढे झुकावे आणि नंतर बाजू बदलावी. प्रत्येक बाजूला अर्धा-अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा. त्यानंतर एका पायावर उभे राहून, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून वाकत समोरच्या स्टुलाला विरुद्ध हाताने स्पर्श करावा आणि हळूहळू परत उभे राहावे. टेकलेल्या पायाचा गुडघा आत वळत असेल तर स्टूल उंच घ्यावे. हे प्रत्येक पायावर आठ-दहा वेळा पुरे. यासोबत कुशीवर हाताच्या आधाराने धड उचलून धरण्याचा व्यायाम, म्हणजे साइड प्लँक, दोन्ही बाजूंना वीस-वीस सेकंदांपासून सुरू करावा. उजव्या बाजूचा मात्र डॉक्टरांनी हात मोकळा केल्यानंतरच करावा.

पाठीचा वरचा भाग हा शाळकरी मुलांच्या बाबतीत हमखास आखडलेला असतो, आणि दप्तर व मोबाइल या दोघांनाही त्याचे श्रेय द्यावे लागेल. छाती उघडत नसेल तर दंड पुरेसा मागे जात नाही आणि मग कोपर खाली पडते. चटईवर कुशीवर झोपून, दोन्ही गुडघे दुमडून एकत्र ठेवून, वरचा हात छातीसमोरून उचलत पाठीमागे जमिनीकडे न्यावा आणि नजर त्या हाताबरोबर फिरवावी. गुडघे मात्र सुटू द्यायचे नाहीत. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, सावकाश.

खांद्याच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. फेकणाऱ्या खेळाडूचा खांदा बाहेरच्या दिशेने जास्त फिरू लागतो आणि आतल्या दिशेने कमी. काही प्रमाणात हा बदल स्वाभाविक असतो, पण दोन्ही खांद्यांच्या एकूण फिरण्यात ठळक फरक पडला तर कोपरावरचा भार वाढतो. त्यासाठी उजव्या कुशीवर झोपावे, उजवा दंड खांद्याच्या रेषेत पुढे जमिनीवर ठेवावा, कोपर काटकोनात दुमडावे आणि डाव्या हाताने उजवे मनगट पायांच्या दिशेने हलकेच जमिनीकडे दाबावे. अर्धा मिनिट धरावे आणि तीन वेळा करावे. ताण खांद्याच्या मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. पुढच्या बाजूला टोचले किंवा कोपरात दुखले, तर तो व्यायाम सोडून द्यावा आणि हात छातीसमोरून आडवा ओढून धरण्याचा साधा ताण द्यावा. मुलाचा मित्र किंवा मोठा भाऊ वरून जोर देऊन दाबतो, असे मैदानावर नेहमी पाहायला मिळते; ते कटाक्षाने टाळावे.

दुसरी गोष्ट म्हणजे खांद्याला मागून धरून ठेवणाऱ्या स्नायूंची ताकद. रबरी पट्टा दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला बांधावा, काखेत टॉवेलची छोटी गुंडाळी धरावी, कोपर काटकोनात ठेवून हात पोटाकडून बाहेर फिरवावा आणि परत येताना पट्ट्याला हिसका देऊ न देता तीन आकडे मोजत यावे. बारा ते पंधरा वेळांचे दोन फेरे पुरेसे आहेत. टॉवेल खाली पडला, तर समजावे की काम खांद्याऐवजी धड करत आहे. त्यानंतर पोटावर झोपून दोन्ही हात डोक्यापुढे तिरपे पसरावेत, अंगठे आकाशाकडे ठेवावेत आणि हात जमिनीपासून थोडेसे उचलावेत. खवाटे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडे, खाली आणि मागे ओढले गेले पाहिजेत, मान आवळली जाता कामा नये. शेवटी भिंतीला दोन्ही तळहात टेकवून, कोपरे न वाकवता, भिंत दूर ढकलल्यासारखी पाठ मागे न्यावी. दिसायला हा व्यायाम नगण्य आहे, परंतु खवाट्याला बरगड्यांवर स्थिर ठेवणारा स्नायू त्यातूनच जागा होतो, आणि खवाटा डळमळत असेल तर त्यापुढचा हात कितीही पिळदार असून उपयोग नाही. मुलगा घरी जोर काढत असेल तर बरे झाल्यावर तेही चालू ठेवायला हरकत नाही. फक्त वर येताना कोपर झटक्याने ताठ करण्याची सवय मोडावी.

आता खुद्द हाताचे व्यायाम. सरांनी सांगितलेले मनगटाचे डंबेल मुळात चुकीचे नाहीत. कोपराच्या आतल्या अस्थिबंधाला फेकीच्या क्षणी जी मदत मिळते, ती मनगट आणि बोटे वाकवणाऱ्या स्नायूंकडूनच मिळते, त्यामुळे ते बळकट असायलाच हवेत. चूक वेळेची आहे. सरावाच्या आधी हे स्नायू थकवून मुलाला भाला हातात दिला, तर ज्यांनी अस्थिबंधाचा भार वाटून घ्यायचा, तेच दमलेले असतात आणि सारा भार वाढीच्या थरावर येतो. हे व्यायाम फेकीच्या दिवशी करायचेच असतील तर फेकीनंतर, आणि शक्यतो फेक नसलेल्या दिवशी, आठवड्यातून तीनदा करावेत. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर आणि तळहात वर ठेवून अर्ध्या लिटरची, सुरुवातीला निम्मीच भरलेली पाण्याची बाटली धरावी. वर नेताना एक आकडा आणि खाली येताना तीन-चार आकडे मोजावेत. तळहात खाली करून हीच क्रिया केली की बाहेरच्या बाजूच्या स्नायूंनाही व्यायाम होतो. दोन्ही प्रकार बारा-पंधरा वेळा, दोन फेरे.

याखेरीज एक व्यायाम आपल्याकडे सहसा करून घेतला जात नाही, तो म्हणजे हात फिरवण्याचा. घरातला साधा हातोडा घ्यावा, हात टेबलावर ठेवून अंगठा वर असेल अशी मूठ धरावी आणि हातोडा सावकाश आतल्या बाजूला, तळहात जमिनीकडे येईल असा झुकवून परत उभा करावा. पहिल्या आठवड्यांत मूठ हातोड्याच्या डोक्याजवळ धरावी. ताकद येईल तसतशी ती दांड्याच्या टोकाकडे सरकवावी, म्हणजे वजन न बदलता व्यायाम जड होत जातो. त्याला जोडून जुना टेनिस चेंडू दाबावा, आणि त्यात करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाचा दाब मुद्दाम जाणवू द्यावा, कारण बहुतेक मुले अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनीच दाबतात.

हे सारे मिळून पाऊण तासाच्या आत होते. पण एवढे करूनही मुलगा पूर्वीच्याच भाल्याने, पूर्वीइतक्याच फेकी करणार असेल, तर व्यायामांकडून फार अपेक्षा ठेवू नये. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी जागतिक पातळीवर 700 ग्रॅम, महिलांसाठी 600 ग्रॅम आणि अठरा वर्षांखालील मुलींसाठी 500 ग्रॅम असे वजन ठरलेले आहे. आपल्या मुलासारख्या, आताच उंची वाढू लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने 800 ग्रॅमचा भाला फेकणे हे मला कोणत्याही व्यायामाने भरून निघणारे नुकसान वाटत नाही. शाळेने 500 किंवा 600 ग्रॅमचा एक भाला घेणे हा या संपूर्ण उत्तरातला सर्वांत परिणामकारक उपाय ठरू शकेल. पालकांनी मिळून वर्गणी काढावी लागली तरी ती काढावी. फेकताना कोपर खांद्याच्या रेषेखाली येत नाही ना, हेही सरांना पाहायला सांगावे. मोबाइलवर बाजूने आणि मागून संथ गतीचे चित्रण केले की ते सहज दिसते. जड भाला हातात असला की कोपर पडतेच, त्यामुळे हे दोन्ही दोष बहुधा एकत्र नाहीसे होतात.

फेकींची मोजदाद हा असाच दुर्लक्षित भाग आहे. अमेरिकेतील बेसबॉलच्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी एका दिवसात 95 चेंडूंची कमाल मर्यादा आहे, आणि 66 किंवा त्याहून अधिक चेंडू टाकले तर पुढचे चार दिवस विश्रांती सांगितली आहे. बेसबॉलचा चेंडू दीडशे ग्रॅमहून किंचित हलका असतो, हे लक्षात घेतले की भाल्याची मर्यादा त्याहून कितीतरी कमी असली पाहिजे, हे उघड आहे. या वयाच्या मुलांना मी आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून, पूर्ण जोराच्या वीस-पंचवीस फेकींच्या पुढे जाऊ देत नाही. बाकीचा सराव पावलांचा आणि लयीचा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे केलेल्या फेकीही याच वहीत लिहायच्या, कारण कोपराला खेळाचे नाव कळत नाही. सामन्याच्या दिवशी त्याला स्लिपमध्ये किंवा तीस यार्डांच्या आत उभे करण्याविषयी संघातल्या मुलांशी बोलता येईल. वर्षातून किमान दोन-तीन महिने सलग फेक पूर्ण बंद असावी. आपल्याकडे उन्हाळी शिबिरांत नेमके उलटे घडते: परीक्षेमुळे बंद असलेला हात एकदम रोज दोन वेळच्या सरावाला जुंपला जातो.

थांबल्याने खेळ संपत नाही, हे मुलाला पटवायचे असेल तर नीरज चोप्राचे उदाहरण त्याला ठाऊक असेलच, पण त्यातली मधली गोष्ट कदाचित नसेल. मे 2019 मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीच्या दोहा येथील जागतिक स्पर्धेला तो मुकला आणि थेट जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे 87.86 मीटर भाला फेकून टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. आपल्या मुलाला वेळेवर विश्रांती मिळाली तर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा येणार नाही. या वयातील वाढीच्या थराचे दुखणे बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिने फेक थांबवल्याने बरे होते.

पट्ट्याविषयी थोडक्यात सांगतो. दुकानात मिळणारा तो पट्टा बहुतेक वेळा टेनिस एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) दुखण्यासाठी बनवलेला असतो. सचिन तेंडुलकरमुळे ते नाव घराघरांत पोहोचले, पण ते दुखणे वेगळे आणि प्रामुख्याने मोठ्या माणसांचे. वाढीच्या थरावरचा ताण पट्ट्याने कमी होत नाही. उलट हात बांधला आहे या भरवशावर मुलगा अधिक जोर लावतो. तो कपाटात ठेवून द्यावा.

डॉक्टर परवानगी देतील तेव्हा परतीचा क्रम असा ठेवावा. आधी कोपराच्या हाडावर दाबून दुखत नाही आणि वरचे सर्व व्यायाम विनात्रास होतात, याची खात्री करावी. मग टेनिस चेंडूने दहा-पंधरा मीटरवरून सहज फेकी, नंतर हलक्या भाल्याने जागेवरून, पुढे तीन पावलांनी आणि शेवटी पूर्ण धावेसह फेक. प्रत्येक पायरीवर निदान दोन आठवडे काढावेत. फेकताना दुखले नाही तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर ठणकत असेल, तर एक पायरी खाली यावे. खुबा, धड आणि पाठीचे व्यायाम मात्र या सगळ्या काळात, अगदी फेक बंद असतानाही, चालू ठेवता येतील.

या हिशेबाने दीड महिन्यावरची जिल्हा स्पर्धा भालाफेकीपुरती सोडून द्यावी लागेल, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे. गोळा आणि थाळी हा त्याला पर्याय नव्हे, कारण तिथेही तोच हात कामाला लागतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर धावणे किंवा लांब उडी यांत नाव देता येईल का, ते सरांना विचारावे. त्यांना भेटायला जाताना एक्स-रेचा अहवाल आणि हे उत्तर, दोन्ही बरोबर न्यावे.